मालकाच्या रकान्यातलं नाव

आमच्या वस्तीत तेलुगू वाचता येणारी पहिली मुलगी मी. गाव सीमेपलीकडच्या तेलुगू राज्यातलं, बेल्याकडचं; घरात-शेतात सगळं मराठी, पण पंचायतीचा कागद यायचा तो तेलुगूत. मी बाहेरगावच्या मोठ्या शाळेत जायला लागले, तेव्हापासून लोक रेशनकार्ड, विजेचं बिल, घरपट्टीची पावती माझ्यापुढे आणून धरायचे. मला त्याचा मोठा तोरा होता.

समोर एक मावशी राहायची. नात्याची नव्हे, ती सुईण होती. वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, त्यात मीही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. गावठाणातल्या मोकळ्या जागेवर तिनं स्वतः माती तुडवून भिंती उभ्या केल्या. बाळंतपणाला मिळालेली ज्वारी विकून छपराला कवेलू घातले. त्या जागेचा पट्टा नव्हता, खरेदीखत नव्हतं. आमच्याकडे कोणाचंच नसायचं.

एके वर्षी घरपट्टी भरून ती तशीच आमच्या दारात आली.

"वाच बरं पोरी, काय लिवलं यात?"

मी घर नंबर वाचला, साल वाचलं, मग खालचे एकेक कर. घराचा, दिवाबत्तीचा, आणि एक ग्रंथालयाचा.

"म्हंजे कायचा?"

"पुस्तकांच्या घराचा, मावशी."

गावात ग्रंथालय तर नव्हतंच, वर्तमानपत्रसुद्धा बसबरोबर दुपारी यायचं. मावशी खदखदा हसली. "म्हंजे मी बी शिकून राह्यली म्हनाव! माह्या पैशानं कोनतरी वाचून राह्यलं!"

पावतीवर सगळ्यात वर मालकाचं नाव होतं. ते तिच्या दिराचं होतं. मी ते पाहिलं. मोठ्यानं वाचलं मात्र नाही. आमच्या घराच्या पावतीवर मेलेल्या आजोबांचं नाव यायचं, तेव्हा घर म्हटलं की पुरुषाचंच नाव, एवढीच माझी समजूत. आणि ती हसत होती. पुढेही दरवर्षी मी तिची पावती वाचली आणि दरवर्षी वरची ओळ सोडली. ती पावत्या तारेत ओवून खुंटीला अडकवायची.

नव्वद सालानंतर मी शिक्षिका झाले. मतदारयादीच्या कामासाठी एकदा दोन दिवस पंचायतीत बसावं लागलं. तिथला म्हातारा कारोबारी, म्हणजे घरपट्टी वसूल करणारा, फावल्या वेळात मला रजिस्टर दाखवत होता. भिंत मातीची की विटांची, वर कवेलू की स्लॅब, खोल्या किती, यावर कर कसा ठरतो ते त्यानं सांगितलं. मग दोन रकान्यांवर बोट ठेवलं. एक मालकाचा, एक राहणाऱ्याचा.

मी मावशीचं पान काढायला सांगितलं. राहणारी मावशी होती, मालक दीर.

"हे असं काऊन?"

"आमी मोजनीले गेलो त्या दिवशी ते बाळंतपनाले गेल्ती, बाई. दीर ओसरीवर बसला होता. इचारलं, घर कोनाचं? त म्हने, आमचंच."

"घरपट्टी तर तीच भरते."

"भरल्यानं मालक होत नाही. पन गावठानात दुसरा कागदच नाही, म्हून उद्या समदे हेच पायतीन. एक दरखास्त द्या. दीर हयात हाय, मानूस चांगला हाय, तो हो म्हनन. ग्रामसभेत ठराव झाला की नाव बदलते."

दीर खरंच चांगला होता. दर पावसाळ्याआधी तो तिचे कवेलू फिरवून द्यायचा. मी म्हटलं, रविवारी अर्ज लिहिते. रविवारी पाहुणे आले. पुढे माझी बदली बेज्जूरकडच्या जंगलातल्या शाळेत झाली, लग्न झालं. उन्हाळ्यात करू, म्हटलं. दोन उन्हाळे गेले. मावशीला मी सांगितलंही नाही. काम झाल्यावरच सांगू, ती खूश होईल, असा माझा बेत होता.

मग दीर वारला. समोरून पक्की सडक झाली होती, त्याच्या मुलांनी घराची जागा एका दुकानदाराला द्यायचं ठरवलं. आईनं निरोप धाडला तशी मी रजा टाकून आले.

पंचायतीत मावशीनं पावत्यांची तार टेबलावर ठेवली. "हे पाहा. एक साल चुकवलं नाही मी."

थोरला पुतण्या दहावी शिकलेला होता. त्यानं एक पावती काढून वाचली, मग दुसरी, मग तिसरी. आवाज चढवला नाही. "काकू, पैसे तू भरले, आमी नाही म्हनत नाही. पन नाव आमच्या बापाचं हाय. समद्याईवर."

मावशी माझ्याकडे वळली. "पोरी, तू त वाचत होती."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्यानं काढलेल्या पावत्या परत तारेत ओवू लागले. सरपंच म्हणाले, रजिस्टरात जो मालक, घर त्याचं. जुना कारोबारी तेव्हा निवृत्त झाला होता, आणि हो म्हणणारा दीर राहिला नव्हता.

मावशी इचोड्याला भाचीकडे गेली. भाचीचं घर सडकेवर, ढाब्याच्या मागं, दिवसभर ट्रकांचा आवाज. मी गेले तेव्हा ती पाय लांब करून भाचीच्या नातवाला तेल लावत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. लहानपणी पाहिलेलं नाव, कारोबाऱ्याचं बोलणं, न लिहिलेला अर्ज.

तिचा हात चालूच होता. "तवा सांगतलं असतं त झालं असतं?"

"हो," मी म्हटलं. "एका अर्जाचं काम होतं."

हात थांबला. "मंग सांगतलं काऊन नाही?"

तिनं लेकराला फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं. "धर. पानी तापलं का पायते."

त्यानंतर तिनं घराचा विषय काढला नाही. मी आणखी दोनदा गेले. शाळेत पोरं किती, सासू कशी, एवढंच ती विचारायची. पुन्हा जायचं ठरवलं आणि भाचीचं पत्र आलं, मावशी गेली, मातीही झाली. तिनं माझ्यासाठी काही निरोप ठेवला असेल म्हणून मी ते पत्र वरपासून खालपर्यंत चारदा वाचलं. नव्हता.