चित्रातल्या देवीचा मान

बहात्तर साली नगरमधल्या एका जुन्या शाही तबेल्यात आम्ही तिघा ड्रॉइंग मास्तरांनी चित्रदालन काढलं. खेड्यापाड्यातल्या चित्रकारांची चित्रं तिथं फुकट लावायचो. भंडारदऱ्याकडच्या एकानं आपल्या गावची देवी रंगवून आणली. आठवड्यात त्या गावचा म्हातारा भगत कोंबडा घेऊन हजर!

“आईनं इथं डोळं उघडल्यात. मान द्याया लागंल,” म्हणत त्यानं चित्रासमोर सुरा काढला.

माझं डोकंच फिरलं. बखोट धरून मी त्याला भिंतीवर आपटलं, थोबाडीत दिली, सुरा हिसकला. पातं माझ्याच तळहातात घुसलं आणि चित्राखालच्या फरशीवर रक्ताची धार लागली.

म्हाताऱ्याचा ओठ फुटला होता. तरी त्यानं देवीला हात जोडले. “पोचला मान, आई,” म्हणाला, आणि कोंबडा सोडून दिला.