आम्ही लघवीची वाट पाहिली

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत पाणी गार करणारा कूलिंग टॉवर सांभाळायचे. एका पावसाळ्यात त्यांना थंडी वाजून ताप भरला, खोकला वाढला आणि चौथ्या दिवशी ते आईलाच ओळखेनात. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरून रिक्षा करून आम्ही त्यांना उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नेलं. न्यूमोनिया निघाला. मग लघवी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, "टॉवरच्या पाण्याच्या तुषारांतून असा जंतू छातीत जातो. आता किडन्याही बंद पडल्यात. डायलिसिस लागेल. पण त्या परत चालू होऊ शकतात."

त्या शेवटच्या वाक्यावर आम्ही नऊ दिवस काढले. बाबा शुद्धीवर आले होते. पण आई रोज सकाळी आधी खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी बघायची, मग त्यांचा चेहरा. पिशवी कोरडीच असायची.

दहाव्या दिवशी पिशवीच्या तळाशी दोन बोटं पिवळं पाणी दिसलं. लघवी हा शब्द चारचौघांत कधी न उच्चारलेली माझी आई वॉर्डभर सांगत सुटली, "झाली हो, ह्यांना झाली!" शेजारच्या पेशंटच्या म्हाताऱ्या सिंधी आईने तिचे दोन्ही हात धरले. बाबा ओशाळून हसले. "अगं, हळू बोल," म्हणाले.

संध्याकाळी त्यांना धाप लागली. छाती पुन्हा भरली होती. तासाभरात ते गेले.

"पण सकाळी झाली होती ना?" आई डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होती. ते प्रत्येक वेळी "हो" म्हणत होते, आणि मला तिला तिथून उठवता येत नव्हतं.