कोकिळाबाईनं चार दिवस तोंड मिटलं

बोर्ली पंचतनच्या बाजारात आमसुलं विकणाऱ्या कोकिळाबाईचं तोंड बंद राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ती येताना तिचा आवाज आधी येई, मागून पाटी. तिच्याशी भाव करणारं गिऱ्हाईक थकून म्हणे, "दे गो बाई, तुझ्याच भावानं दे!"

तिच्या घराला लागूनच शलोम आणि रिबका तळेकरांचं घर. गावातलं शेवटचं इस्राएली, म्हणजे ज्यू घर ते. बाकीचे कधीच इस्राएलला गेले, तळेकरांचा मुलगाही तिकडेच. सोमवारी शलोम वारला. मुरूड-रेवदंड्याची माणसं येऊन माती देऊन गेली. रिबका आरशावर चादर टाकून चटईवर बसली. सात दिवस असंच खाली बसायचं, दार उघडं ठेवायचं.

कोकिळाबाईला त्यांची रीत ठाऊक होती. अकरा वर्षांमागं तिचा नवरा अंबाजी गेला, तेव्हा घरभर माणसं, आणि सगळी बोलणारी. एकटी रिबका भिंतीला टेकून गप्प. तिसऱ्या दिवशी कोकिळाबाईच कडाडली, "तुझी जीभ गळली काय गो?"

"आमच्यात ज्याचं दुःख त्यानं आधी बोलायचं," रिबका म्हणाली. "तोवर नुसतं बसायचं."

त्या दिवशी कोकिळाबाई तिच्या मांडीवर पोटभर रडली, आणि जेवली. ते ती विसरली नव्हती.

म्हणून सोमवारी संध्याकाळी तिनं मसुराची आमटी आणि उकडलेली अंडी नेली. माती दिल्यानंतरचं त्यांचं पहिलं जेवण शेजारच्या चुलीवरचं लागतं. मसुराच्या गोल दाण्याला तोंड नसतं, दुःखातल्या माणसालाही नसतं, असं रिबकानंच कधी सांगितलेलं. ताट पुढं सरकवलं आणि कोकिळाबाई भिंतीला टेकून बसली.

रिबका बोलली नाही. दोन घास उष्टावून ताट सारलं. मंगळवारी तेच. बुधवारी तर नुसता चहा.

घरी सून सुचिता घाबरली. "आई, बरं वाटत न्हाय का तुम्हाला? तिकडून आल्यावरपण गप्पच."

"गप बसायची सवय मोडंल म्हणून," कोकिळाबाई पुटपुटली. पण तिला खरा घोर रिबकाचा होता. बोललीच नाही, तर ही बाई खाणार कधी?

गुरुवारी शेजारचा दादू आला. टेकायच्या आधीच सुरू झाला, "वहिनी, सगळ्यांना जायचंच हाय. आज शलोम, उद्या आपण. देह म्हणजे..."

कोकिळाबाईनं डोळे वटारले. ओठांवर बोट ठेवलं. दादू आणखी रंगात आला. "देह म्हणजे भाड्याचं घर..."

बोलायची तर बंदी. कोकिळाबाईनं ताटातलं सोललेलं अंडं उचललं आणि अख्खं दादूच्या तोंडात कोंबलं.

"गुगुआर!" दादूनं डोळे पांढरे केले. कसंबसं गिळून ओरडला, "बाई, माझा गुरुवार हाय! उपास!"

चटईवरून आवाज आला. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"दादू, दर गुरुवारी आमच्या मागल्या पडवीत बसून आमलेट कोण खायचं रे?"

दादूनं मान खाली घातली. "शलोमच आग्रह करायचा, वहिनी."

"आग्रह? बायकोला सांगू नकोस म्हणून तूच त्यांच्या पाया पडायचास!" रिबका हसू लागली, पदरानं डोळे पुसता पुसता हसू लागली. "आणि ते मला सांगायचे, रिबके, मिरची जास्त टाक, पापी माणूस हाय, भाजू दे जरा!"

मग ती थांबेचना. शलोमची मिरची, शलोमचं घोरणं, लग्नात शलोमनं उलटा घातलेला कोट. बोलता बोलता एक अंडं संपलं, मग दुसरं. आमटी गार झालेली, तरी वाटी तोंडाला लावून प्यायली.

कोकिळाबाईला सांगायचं तर केवढं होतं! तो कोट तिनंच सुलटा करून दिला होता. तिनं तोंड उघडलं.

"थांब गो, माझं होऊ दे," रिबका म्हणाली.

कोकिळाबाई थांबली. रिबकाची वाटी पुन्हा भरली, आणि भिंतीला टेकून ऐकत बसली.