बिंदुमाधवरावांचे नवे स्पीकर

बिंदुमाधवराव कोणतीही नवी वस्तू लगेच वापरू देत नसत. नव्या माठातलं पहिलं पाणी सगळेच ओततात. हे आठवडाभर ओतत. नव्या चपला आधी घरात फिरत, मग बँकेत जात. काशीत रामघाटाच्या गल्लीत मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत असे, त्यामुळे चपलांची प्रगती मला छतातून कळे.

ब्याऐंशीच्या दिवाळीत त्यांनी स्टिरिओ घेतला. रेडिओ, कॅसेट आणि दोन मोठे स्पीकर. घेतला तो एका कॅसेटसाठी. त्यांचे सासरे ढुंढिराजशास्त्री शेवटची वर्षं लेकीकडेच होते. मित्राचा टेपरेकॉर्डर आणून बिंदुमाधवरावांनी त्यांचं विष्णुसहस्रनाम भरून ठेवलं होतं. चैत्रात शास्त्रीबुवा गेले. कॅसेट होती, वाजवायला यंत्र नव्हतं. शरदिनीवहिनी तेव्हापासून दिवाळीची वाट पाहत होत्या.

सेट आला त्या संध्याकाळी मी तिथेच होते. वहिनी म्हणाल्या, “बाबांचं लावा ना.”

“अभी नाही,” बिंदुमाधवराव म्हणाले. “स्पीकर बिलकुल कोरा आहे. पडदा कडक असतो त्याचा. महिनाभर रोज चालला की आवाज खुलतो. दुकानदार सांगत होता. बाबांचं असं कच्च्या आवाजात ऐकायचं?”

“आवाज बाबांचाच आहे ना?” वहिनींनी विचारलं. बिंदुमाधवराव रेडिओचं बटण फिरवू लागले.

मग त्यांनी अनुष्ठान बसवलं. यजमान पुण्यात असतो, जप काशीतले गुरुजी करतात आणि पुण्य यजमानाला पोचतं, तसलंच हे. स्वतः बँकेत जाणार आणि वहिनींनी दिवसभर रेडिओ चालू ठेवायचा. शेतीची माहिती, संस्कृत बातम्या, शहनाई, काहीही. कॅसेटला हात लावायचा नाही. मला त्या माणसाचा अस्सा राग आला! बापाच्या आवाजासाठी बाई आसुसलेली, आणि हे तिला खतांची माहिती ऐकवणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून येऊन मी पिठलं ढवळत होते, तेव्हा वरून शास्त्रीबुवांचा आवाज आला. त्यांना जाऊन सात महिने झाले होते, म्हणून मी ढवळायची थांबले. सहस्रनाम चाललं होतं. मध्येच थांबून ते म्हणाले, “पाणी आणा रे.” शास्त्रीबुवा पाणी एकदाच मागत, दुसऱ्यांदा मागावं लागलं तर जेवत नसत. डोक्यावर धावती पावलं वाजली, तांब्या माठाला लागला, आणि पावलं जागच्या जागी थांबली. पुढचं सहस्रनाम मी वहिनींच्या रडण्यातून ऐकलं.

त्यानंतर रोज बिंदुमाधवराव जिना उतरले की रेडिओ बंद होई आणि शास्त्रीबुवा सुरू होत. पाणी मागितलं की पावलं निघत, पण दिवसेंदिवस कमी. कधी माजघरापर्यंत, कधी नुसता पाट सरके. शेवटी शेवटी तेही नाही. पाखडणाऱ्या सुपाचा आवाज चालूच राही. मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्याचं अनुष्ठान मोडणारी मी कोण?

महिना भरला त्या रविवारी बिंदुमाधवरावांनी मला वर बोलावलं. सेटला झेंडूचं फूल वाहिलं होतं. त्यांनी कॅसेट लावली आणि बोट वर केलं.

“ऐका. खुलला की नाही? महिन्यापूर्वी हे ऐकू आलं नसतं.”

ते वहिनींकडे पाहत होते. वहिनींनी रडावं अशी त्यांची तयारी होती. रुमाल धुऊन ठेवला होता. वहिनी मेथी निवडत होत्या.

“पाणी आणा रे,” शास्त्रीबुवा म्हणाले.

बिंदुमाधवराव उठले. लगबगीने माठाशी गेले, तांब्या बुडवला, वळले, आणि भरला तांब्या हातात घेऊन स्पीकरसमोर उभे राहिले. शास्त्रीबुवा पुढचं नाव म्हणत होते.

“बसा,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्यांदा असं होतं. मीही धावले होते.”

ते बसले. वहिनींनी पुढे केलेला रुमाल घेतला. रेडिओबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

“फिरसे लाव,” ते म्हणाले. “पहिल्यापासून.”