रॉनची एक नंबरची जागा

हेलनचा फोन आला तेव्हा आदल्या दिवशी दाखल केलेल्या रॉनला भेटायला मी सिडनीत वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये जागा शोधत घिरट्या घालत होतो. "रॉन गेला रे, मेट. पहाटे, झोपेतच." मी गाडी तशीच मध्ये थांबवली. मागच्याने हॉर्न वाजवला, मग आणखी एकाने... आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा, तर आता माझ्या काठीसमोर कोण उभं राहणार!

बारा वर्षांपूर्वी एका रविवारी पॅरामॅटात नदीकाठी मला पांढऱ्या कपड्यांतली सहा माणसं दिसली. पोटऱ्यांना घुंगरांचे पट्टे, हातात काठ्या, तिघातिघांच्या दोन ओळी समोरासमोर, आणि बाजूला हेलन अकॉर्डियन वाजवतेय. हा मॉरिस, इंग्लंडच्या खेड्यांतला जुना नाच, हे नंतर कळलं. तेव्हा मी नुसता खो खो हसलो. त्यांच्यातला सगळ्यांत उंच, लालबुंद चेहऱ्याचा म्हातारा, म्हणजे रॉन, तरातरा माझ्याकडे आला. "काय झालं हसायला, मेट?" इथे अनोळखी माणूसही मेट, म्हणजे दोस्तच असतो. म्हटलं, "आमच्याकडे शाळेतली पोरं हेच करतात. टिपऱ्या म्हणतात." त्याने काठी माझ्यापुढे धरली. "दाखव मग." पुण्यात शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला टिपऱ्या खेळलेला मी... दाखवल्या! दोन रविवारांनी त्यांच्यातला एक जण गाव सोडून गेला आणि मी रॉनच्या समोर उभा राहिलो, तो पुढची बारा वर्षं.

रॉन मूळचा इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरचा, पेशाने इलेक्ट्रिशियन, पंचविशीत सिडनीला आलेला, आणि पन्नास वर्षांनंतरही भर उन्हाळ्यातल्या ख्रिसमसला घामाघूम होत गरम पुडिंग खाणारा. पण त्याच्या इंग्लिशपणाला कुंपण नव्हतं. एकदा एका बघ्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हा कसा काय तुमच्यात? रॉन म्हणाला, "आमचा राष्ट्रसंत जॉर्ज. म्हणे त्याने ड्रॅगन मारला, पण इंग्लंडमध्ये कधी पाऊल ठेवलं नाही. मॉरिस हे नाव उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांवरून पडलं म्हणतात, तेही कुणाला नक्की माहीत नाही. हा निदान दर रविवारी वेळेवर येतो."

त्याच्या दिवाणखान्यात आजीचा फोटो होता, सावळा, नाकेला चेहरा. "आजी पोर्तुगीज होती," तो सांगायचा. एका दिवाळीला माधवीने, माझ्या बायकोने, त्याच्यापुढे फराळाचं ताट ठेवलं. चकली कडाकडा फस्त झाली. मग करंजी उचलून त्याने एक घास घेतला आणि आतलं सारण निरखू लागला. "या तर आजीच्या हाफ-मून्स," तो हळूच म्हणाला. "ख्रिसमसला करायची. आत खोबरं, खसखस..." माधवीने विचारलं, "रॉन, तुझी आजी नक्की पोर्तुगालची होती का रे?" त्याने इंग्लंडमधल्या बहिणीकडून जुने कागद मागवले. आजी-आजोबांच्या लग्नाच्या दाखल्यावर गाव होतं खडकी. माझ्या शाळेपासून सायकलवर वीस मिनिटं! वाटलं, आता हा कोसळणार. त्याने आजीचा फोटो हातात घेतला. "बिचारीला आयुष्यभर पोर्तुगीज व्हावं लागलं," म्हणाला, डोळे पुसले, आणि मग गडगडाटी हसला. "म्हणजे टिपऱ्या माझ्याच निघाल्या की!"

एक नंबरची जागा त्याची. पुढच्या जोडीतला हा माणूस पुढची चाल कोणती याच्या हाका देतो आणि बाकीचे पाच त्याच्यावर नजर ठेवून नाचतात. तो जाण्याच्या चार दिवस आधी मी त्याच्या घरी करंज्या घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, "या मे डेला तू एक नंबरला उभा राहा." मी उडवून लावलं. "छे रे! तुमच्या नाचाचं पुढारपण पुणेकराने करायचं?" करंजी चावत त्याने विचारलं, "तुमच्या म्हणजे नक्की कोणाच्या?" मी हसून विषय बदलला. त्याला नाही म्हणालो हे मला नंतर फार लागलं.

एक मेला सूर्य उगवताना नाचायचं, ही इंग्लंडमधली वसंताच्या स्वागताची प्रथा. इथे तेव्हा पानगळ असते, पण रॉनने ऋतूंना कधी भीक घातली नाही. "महाराष्ट्र दिनाला एवढ्या पहाटे कुणी उठत नाही," असं दरवर्षीप्रमाणे पुटपुटत माधवीही आली. आमच्या गटात रीत अशी, की एखादा नाचणारा गेला की पुढच्या नाचात त्याची जागा मोकळी ठेवायची. तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही. समोरच्याने हवेत काठी मारायची. "अर्ध्या जोराने मारू नकोस हं," हेलन म्हणाली, "त्याला आवडणार नाही."

मी सगळ्या जोराने मारली. बारा वर्षं ती काठी रॉनच्या काठीवर थांबत आली होती. आता थांबवायला काहीच नव्हतं... काठीमागे मी गेलो, दोनदा धडपडलो आणि नेमका त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. अकॉर्डियन बंद पडलं. "अरे देवा," माझ्या तोंडून निघालं. हेलन मात्र डोळे पुसत हसत होती. "ओढलंच शेवटी त्याने तुला! आता हलू नकोस. हाक दे."

मी दिली. आवाज फाटला, पण दिली.

रॉनचे घुंगराचे पट्टे आता आमच्या दारामागच्या हुकावर असतात. दार उघडलं की वाजतात, आणि मुलगी आतून ओरडते, "डॅड, रॉन्स हिअर!" ते मला फार लांब होतात. कापून बेतात करून देऊ का, असं माधवीने विचारलं होतं. नको म्हटलं. दर रविवारी मी एक वेढा जास्त घेतो.