बुटातलं गंडकीचं पाणी

होळी झाली आणि कोलाडच्या राफ्टिंग कॅम्पवर मला लाइफ जॅकेटं वाटायच्या टेबलावर बसवलं. त्याच दिवशी मी नेपाळला जायचं ठरवलं. बसवणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. "काका, पाण्यात आता पोरं आहेत. तुम्ही सावलीत बसा," म्हणाला. सावली चांगली होती. नदी मात्र तिथून दिसत नव्हती, नुसती ऐकू यायची.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी भाटघरचा. धरणाच्या पाण्याकाठी वाढलो, गावातल्या शाळेत शिकलो, आणि गेली कित्येक वर्षं वरंधा घाट उतरून कोलाडला कुंडलिकेवर कयाक चालवायला जातो. कयाक म्हणजे एकट्या माणसाची निमुळती होडी. पर्यटक मोठ्या रबरी राफ्टमध्ये बसतात, आणि कयाकवाला त्यांच्या पुढं राहतो. कोणी पाण्यात पडलं की त्याला धरून काठाला आणायचं, एवढंच काम. पन्नाशी जवळ आली, पण मला दुसरं काही येत नाही.

मानबहादुर हा नेपाळी गाइड कोलाडला माझ्याबरोबर असायचा. आता तो तिकडंच नदीवर होता. त्याला फोन केला. (आमचं बोलणं हिंदीत चालायचं. इथं मराठीत लिहितोय. दाइ, दाजु म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ.)

"ये की दाइ. पण आमची मुख्य बाई आहे दिलमाया, ती पहिली फेरी बघते. पटलं तर उन्हाळाभर ठेवते. नाही पटलं तर भाडं देऊन बसमध्ये बसवते."

म्हणजे तिनं परत पाठवलं तर माझ्या नशिबी कायमचं जॅकेटांचं टेबल. हे मला स्पष्ट दिसत होतं.

निघायच्या आधी पासलीला सासुरवाडीला गेलो. भाताच्या रोपासाठी राब भाजायचं काम चालू होतं. मेहुणा शंकर राखेनं काळा झालेला, तसाच बांधावर आला.

"दाजी, पन्नाशी आली, आन् आता परदेशात डुंबायला निघालाय व्हय? हितं नदी कमी पडली का?"

बायको, सुमन, शेजारीच होती. ती म्हणाली, "जाऊ द्या त्यास्नी. घरात बसलं की भिंतीकडं बगत्यात नुस्तं." मग माझ्याकडं वळून, "तिथं गंडकी हाय न्हवं? येताना तीर्थ आना."

आमच्या देवघरात एक शाळिग्राम आहे, आजोबांना कोणी तरी काशीहून आणून दिलेला. तो गंडकीतला. लहानपणापासून त्याला घातलेलं पाणी मी रोज तळहातावर घेत आलोय. त्या नदीत आपण पोटासाठी उतरणार, याचं मला जरा अवघड वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. भोरहून एसटीनं स्वारगेट, पुण्याहून गोरखपूरची रेल्वे. तिकीट खूप आधी काढा. मी आयत्या वेळी गेलो आणि भुसावळपर्यंत दारापाशी पिशवीवर बसलो. गोरखपूरहून बसनं सोनौली. तिथली कमान चालत ओलांडली की नेपाळ. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरतो. घड्याळ पाव तास पुढं करायचं. शंभराच्या नोटा जवळ ठेवा, मोठ्या नोटा घेताना दुकानदार कुरकुरतात. तिथून पोखरापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा आहे. ज्यांना वरंधा घाटात मळमळतं त्यांनी जेवण बेतानं करावं. वाटेत दाळ-भात सगळीकडं मिळतो. एकदा पैसे दिले की भात पोटभर वाढतात, आणि वाढताना आपल्यासारखाच आग्रह करतात.

दिलमाया पोखऱ्याला भेटली, पस्तिशीची असेल. बुटकी, दणकट खांद्यांची, कमी बोलणारी. तिनं मानबहादुरनं मला दिलेल्या होडीकडं पाहिलं, मग माझ्या केसांकडं.

"दाजु, पोहता येतं ना?"

"धरणात वाढलोय."

"धरण झोपलेलं असतं," ती म्हणाली आणि दोऱ्या आवळायला गेली.

फेरी तीन दिवसांची होती. जीपनं नदीपर्यंत, मग खाली खाली, रात्री वाळूवर मुक्काम. गंडकीचं पाणी राखाडी आणि इतकं गार की मनगटं दुखतात. पहिल्या दिवशी सगळं ठीक झालं. राफ्टमधून पडलेल्या दोघांना मी काठाला लावलं. मानबहादुरनं लांबून अंगठा वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चूक झाली. ती समजायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. धरणाच्या पाण्याखाली महादेवाचं जुनं देऊळ आहे. उन्हाळा संपत आला की पाणी उतरतं आणि ते वर येतं, बाकी वर्षभर पाण्यात. होडी त्या जागेवरून जाताना माणसं हात जोडतात. होडी वल्हवणाराही वल्हं मांडीवर ठेवून हात जोडतो. आमचं पाणी तेवढा वेळ थांबतं. मला हे कोणी शिकवलं नाही, हात आपोआप उठतात.

तर त्या दुपारी एक मोठा फेसाळ उतार लागला. तोंडाशीच कातळावर छोटं देऊळ, बाहेर त्रिशूळ, लाल फडकं. मी पाहिलं आणि वल्हं सोडून हात जोडले.

गंडकी थांबली नाही. होडी आडवी झाली, उलटली, वल्हं गेलं. हातांनी सरळ व्हायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी होडीतून बाहेर पडलो आणि दगडांना आपटत खाली गेलो. ज्यांना वाचवायला मला पगार मिळणार होता, त्या राफ्टमधल्या दिल्लीच्या एका बाईंनी माझं जॅकेट धरून मला आत ओढलं. "अंकल, आप ठीक हैं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

काठाला लागल्यावर दिलमाया आली. "वल्हं का सोडलं?"

मी देवळाकडं बोट केलं. तिनं तिकडं पाहिलं.

"तो माझाही देव आहे, दाजु. काठावर उतरून जोडा हात, मी थांबते. पाण्यात हात वल्ह्याला."

माझी होडी आणि वल्हं खाली भोवऱ्यात सापडली. मुक्कामापर्यंत मीच होडी नेली, पण सगळ्यांच्या मागं.

संध्याकाळी वाळूवर जेवणाआधी सगळे उलट्या होड्यांवर थापा मारायला लागले. कयाकवाल्यांची जगभर एक रीत आहे. जो होडी सोडून वाहत गेला, त्यानं स्वतःच्या बुटातून बिअर प्यायची. नदीचं देणं म्हणतात त्याला. न देणाऱ्याच्या मागं कोणी उतारात शिरत नाही, नदी त्याला परत मागते अशी समजूत. हसत हसत करतात, पण मानतात.

"मी घेत नाही," मी म्हणालो.

"मग पाणी पी," मानबहादुर म्हणाला. "नदी इथंच आहे. बूट भर आणि पी. सुटलास."

त्यानं माझी सोय बघितली होती. पण मला बिअरपेक्षा हे जड गेलं. दारू एक वेळ चुकून पोटात गेली असती तर उपास केला असता. गंडकी बुटात कशी ओतू? घरी तिच्या दगडापुढं मी चप्पल घालून उभा राहत नाही.

मी तसं सांगितलं. थापा थांबल्या. दिलमाया चुलीपाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "जबरदस्ती नाही. पण उद्याचा उतार आजच्यापेक्षा मोठा आहे, आणि माझी माणसं तुमच्या मागं यायला कचरतील. सकाळी भांड्यांची जीप रस्त्यानं पुढं जाते, तिच्यातून या."

भांड्यांची जीप आणि जॅकेटांचं टेबल यांत फरक नव्हता. पण तिचं चुकलं असंही मला म्हणता येईना. तिनं तिची रीत सांगितली होती, मी माझी. मी वाळूवर बसलो आणि पाय मोकळे करावे म्हणून बूट काढायला लागलो. नदीत घालायचे रबरी बूट घोट्यापर्यंत घट्ट असतात. डावा ओढला आणि आत पाणी हललं. दिवसभराचं, वाहताना शिरलेलं.

मी बुटाकडं बघत बसलो. हे पाणी मी ओतलेलं नव्हतं. मी बुडत होतो तेव्हा ती स्वतःच आत आली होती. आलेल्याला परत कसं लावायचं?

बूट दोन्ही हातांनी धरला, कपाळाला लावला आणि प्यायलो. वाळू होती, रबर होतं, माझा पाय तर होताच. उरलेलं थेंबभर डोक्यावरून फिरवलं, तीर्थाचं फिरवतो तसं.

मग मानबहादुर म्हणाला, "दाइ, बिअर बरी असते रे!" आणि थापा इतक्या जोरात सुरू झाल्या की स्वयंपाक्यानं आपली पातेली बाजूला घेतली.

दिलमायानं ताट भरून माझ्यापुढं ठेवलं. "उद्या सगळ्यांत पुढं तुम्ही," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशीच्या उतारावर देऊळ नव्हतं. तरी मी तोंडाशी मान खाली घातली, मुठी वल्ह्यावर. मागं वळून पाहिलं तर दिलमायाचीही मान खाली होती.

नदी गढूळ होईपर्यंत राहिलो. पगार कोलाडपेक्षा थोडा जास्त, राहणं-खाणं त्यांचं. प्रवासखर्च वजा केला तर हातात फार उरत नाही, तेवढ्यासाठी कोणी जाऊ नये. निघताना दिलमाया म्हणाली, "दसऱ्याला पाणी निवळतं." मी म्हणालो, "बरं."

भोरला उतरलो तेव्हा धरण तळाला गेलं होतं आणि देऊळ वर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि सुमन बाटलीतलं गंडकीचं पाणी घेऊन गेलो. पायाखाली भेगाळलेला गाळ, देवळात ओल. तिनं पिंडीवर धार धरली आणि उरलेलं माझ्या तळहातावर घातलं.

"तिथं रोज घेत आसाल की."

"एकदाच घेतलं. बुटातनं."

सगळं सांगितलं. पदर तोंडाला लावून ती कितीतरी वेळ हसत होती. मग एकदम गंभीर झाली. "ती आपनहून आलीवती न्हवं?"

"व्हय."

"मग झालं तर."

मी पिंडीपुढं उभा राहिलो आणि मान खाली घातली. सुमननं कोपरानं ढोसलं. माझ्या दोन्ही मुठी छातीपुढं आवळलेल्या होत्या, हातभर अंतरावर.

"अवो, सोडा की आता ते वल्हं," ती म्हणाली. "पानी उतारलंय."

मी मुठी उघडल्या आणि हात जोडले.