बिनदातांची किल्ली

आमच्याकडं वडिलांच्या काळातली एक फटफटी आहे. तिची किल्ली एकच, आणि वडील गेल्यापासून ती माझ्या खिशात असते. सेलूत मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की ही गाडी फक्त माझंच ऐकते. खरं म्हणजे माझंही ती लगेच ऐकत नाही. दहा-बारा लाथा खाते, मला घामाघूम करते, समोरचा किराणावाला साखर जोखायचं थांबवून बघत बसतो, आणि मग कधीतरी तिला माझी दया येते. पण शेवटी ऐकते ना? पन्नाशीला आलेल्या माणसाकडं मिरवायला दुसरं असतं काय? केस होते तोवर केस तरी होते.

आमची लेक परभणीला शेतीचं शिकते, शनिवारी घरी येते. मागं एकदा जेवताना म्हणाली, गाडीची दुसरी किल्ली करून आणा, मला चालवायचीय. बायकोनं भाकरी वाढता वाढता मुदतही ठरवून टाकली. पुढच्या शनिवारी किल्ली घरात पाहिजे.

पोरीनं एका लाथेत गाडी चालू केली तर? सगळ्या गल्लीला कळणार की खोट गाडीत नव्हती, माझ्या पायात होती. बरं, नाही म्हणायलाही तोंड नाही, कारण पोरींना सगळं आलं पाहिजे असं भाषण मीच पाहुण्यांसमोर करत असतो. शेवटी मला एक युक्ती सुचली. किल्ली करायची, पण न चालणारी. आत जाईल, फिरणार नाही. मग आपण मान हलवायची आणि म्हणायचं, जुनी गाडी, कोण काय करणार.

सेलूत हे काम करणं शक्य नव्हतं. किल्लीच्या आधी बातमी घरी पोचली असती. म्हणून परभणी गाठली, त्याच गाडीवर. वाटेत दोनदा थांबलो. एकदा गाडी तापली म्हणून आणि एकदा मी.

बसस्टँडपासून थोड्या अंतरावर छत्रीखाली एक म्हातारे चाचा किल्ल्या करत बसलेले होते. आवाज बारीक करून मी त्यांना काम सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"चाळीस वर्सं झाली साहेब. किल्ली चालंना म्हणून लोक भांडायला येतेत. चालू नये म्हणून आलेले तुमीच पयले."

मी कारण सांगितलं तेव्हा मात्र ते जरा मऊ झाले. त्यांनाही दोन लेकी होत्या. त्यांनी एक किल्ली मुद्दाम वाकडीतिकडी घासली. लावली. फिरली, आणि गाडीचा लाल दिवा लागला. चाचांनी दुसरी घेतली, दात उलट्या बाजूला पाडले. दिवा लागला. आता ते इरेला पेटले. दात न पाडलेली, नुसती कोरी पट्टी आत घातली. दिवा लागला. शेजारच्या टपरीवाल्याकडून चहाचा चमचा मागवला, त्याची दांडी घातली. चमच्यावर तर दिवा जरा जास्तच उजळ वाटला.

"कुलूप झिजून लय दिलदार झालंय," चाचा म्हणाले. "ह्याला वाईट किल्ली माझ्या हातून तरी होणार न्हाई. माफ करा."

इतकी वर्षं मी जी किल्ली उशीखाली घेऊन झोपलो, तिच्यात आणि चहाच्या चमच्यात गाडीला काही फरकच नव्हता. मी ती कोरी, बिनदातांची किल्ली घेऊन घरी आलो.

शनिवारी लेकीनं ती लावली. दिवा लागला. तिनं लाथ मारली. काही नाही. दुसरी, तिसरी, सातवी. मी ओट्यावर चहा पीत होतो. चहा फार गोड लागत होता. किराणावाल्यानंही तराजू खाली ठेवला होता.

"बाबा, तुमची किल्लीच खोटी हाय."

मी मान हलवली आणि म्हणालो, जुनी गाडी, कोण काय करणार.

तेवढ्यात बायको पिठाचे हात पुसत बाहेर आली. लेकीला म्हणाली, सरक, किल्लीवर काही नसतंय. कमरेच्या जुडग्यातून तिनं आपल्या पत्र्याच्या पेटीची किल्ली काढली आणि गाडीला लावली. गाडी डाव्या अंगाला कलती केली, एक लाथ हळू मारली, एक जोरात. फटफटी सुरू झाली.

माझा कप तोंडाशीच राहिला.

"तुमी गावाला गेले की मी दर बारी चालू करतेय, इंजन जाम होऊ नये म्हून," ती गाडीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "न्हाईतर तुमच्या लाथांनी चालू झाली असती व्हय?"

किराणावाल्यानं मान डोलावली. त्याला हे आधीपासून माहीत होतं, असं त्या मानेवरून वाटलं.

आता बोरीला सासरवाडीला जायचं झालं की लेक गाडी चालवते, मी मागं बसतो. बायको बसनं पुढं जाते; म्हणते, दोघांत एक तरी वेळेवर पोचलं पाहिजे. माझी किल्ली अजून माझ्याच खिशात असते. परवा त्या किल्लीनं मी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं. छान उघडलं.